मिलच्या ब्लीचमधली कवळी

बमरोलीच्या दातांच्या दवाखान्यात दर्शना नंबराची वाट बघत होती. शेजारी तोंडाला रुमाल लावलेले, हातात कवळीची डबी धरलेले एक आजोबा आणि त्यांची सून बोलू लागले, तसे तिचे कान आपसूक टवकारले.

“आबा, कवळी मिलच्या ब्लीचमध्ये बुडवली?”

“दोन दिवस.”

“अहो, ब्रश आणि साधं पाणी पुरे होतं की! हिरडीचा गुलाबी रंग पार उडाला.”

“कापडाचे डाग निघतात. म्हटलं, वासही निघेल.”

“कसला वास? कोण म्हणालं?”

“जाऊ दे ना, बेटा.”

“नाही, नाव सांगा. बघतेच त्याच्याकडे!”

“तूच. फोनवर आईला सांगत होतीस, आबा जेवायला समोर बसले की मळमळतं.”

दर्शना उगाच दप्तराची चेन उघडझाप करत राहिली.

“आबा... ती डबी द्या. मी धरते.”

“नको, सूनबाई. अजून थोडा येतो वास.”