हंस हाकलायचा डबा

दातांच्या दवाखान्यात मास्तर सुजलेला गाल धरून बसले होते. शेजारी नणंद-भावजय येऊन टेकल्या. दोघींपैकी दाढ कुणाची दुखतेय हे कळायला मार्ग नव्हता. तोंडं दोघींचीही सारखीच चालू होती.

“वहिनी, आई अजून बांधावर उभी राहून डबा बडवते?”

“दर हिवाळ्यात! रानहंस उतरले की गव्हाच्या कोंबांचा फडशाच पडतो ना. मला म्हणतात, ‘तुझ्या सासऱ्यांनी बांध घालून समुद्राच्या घशातून काढलेली जमीन, ती या फुकट्यांच्या घशात घालू?’”

“यंदा हंसांना उशीर झाला म्हणे.”

“तेच तर! सुटलो म्हणून मी आनंदात, आणि सासूबाईंना घास गोड लागेना. रोज डबा घेऊन जायच्या, आभाळाकडे बघत बसायच्या आणि न वाजवताच परत यायच्या.”

“कमालच आहे बाई आईची!”

“परवा एकदाचे उतरले. मी डबा उचलला, तर माझ्यावरच खेकसल्या. ‘ठेव तो खाली! एवढ्या लांबून आलेत, दोन घास तरी खाऊ देत!’”

मास्तरांना हसू फुटलं आणि दाढेतून कळ गेली.

“म्हणजे यंदा डबा बंद?”

“छे! काल सकाळपासून पुन्हा बडवायला सुरुवात.”

“मग उडाले असतील सगळे.”

“उडतायत कसले! काठीला फडकं गुंडाळून वाजवतात.”