आत्याचा आवाज

गिरिजाबाई — अन् हे तिसरं दुकान, धर्मराज. पहिल्या दोघांनी वायर लावली, फोन चार्ज झाला, पण आवाज काही कॉम्प्युटरात गेला न्हाई.

धर्मराज — त्यांची वायर नुसती चार्जिंगची असंल, मावशी. ही लावतो. हां, बघा, फोन इचारून राह्यला, फाइली कॉम्प्युटरला द्यायच्या का. 'हो' दाबायचं. ताई, हात काढा की फोनावरून.

गिरिजाबाई — ती बोलत न्हाई रे. माझी लेक, सोनूबाई. गळ्याच्या ऑपरेशनात आवाज गेला, म्हून पाटी घेऊन फिरती. आदल्या दिवशी बद्रीनाथ गुरुजींनी दवाखान्यात तिचा आवाज भरून घेतल्ता. फोन त्यांचाच, अन् आज चारच्या गाडीनं तो घेऊन ते पुण्याला जानार. रविवारी आमच्या वसंताच्या पोराचं बारसं. आत्या हीच एकटी.

धर्मराज — मंग कॉम्प्युटरातून तुमच्या मोबाईलात टाकून देतो. बाळाच्या कानाला लावा.

सोनूबाई (पाटीवर) — तिकडं गेल्यावर इथं राहील का?

धर्मराज — बिलकुल राहील.

गिरिजाबाई — डॉक्टरबी म्हन्ला होता, गाठच तेवढी काढू.

धर्मराज — इथं काढत न्हाईत काही, ताई. नक्कल होती. थांबा, आधी मी 'हो' दाबून नुसता मावशींचा फोटो काढून पाठवतो. हा बघा, कॉम्प्युटरात गेला. आता फोनात बघा. हाय ना? आता आवाजाच्या फाइलीला 'कॉपी' ताईंनीच दाबावं.

गिरिजाबाई — दोन्हीकडं सारखंच दमेल तोंड. दाब बाई आता, सकाळपासून पाय तुटून राह्यले.

धर्मराज — दाबलं. आली फाइल. वाजवून बघतो, बराबर आली का.

सोनूबाई (पाटीवर) — नको.

धर्मराज — न ऐकता कसं कळंल? अर्धीच आली असली तर? तवर गुरुजी तर फोन घेऊन गेलेले असतील.

गिरिजाबाई — तिनं त्यात कुर्र करून नाव सांगेल हाय. वसंतालाबी ठावं न्हाई. ते आधी बाळाच्या कानात पडायचं, मंग आपल्या.

धर्मराज — मंग हे हेडफोन. ताईंनीच ऐकावं.

गिरिजाबाई — ऑपरेशनपासून तिनं ते ऐकेलच न्हाई रे. गुरुजींनी दोनदा इचारलं, दोनदा तोंड फिरवलं. सोने, पोरासाठी ऐक. मी बाहेर बसू का?

(सोनूबाई आईचा पदर धरून तिला खाली बसवते आणि हेडफोन घालते.)

धर्मराज — संपलं, ताई. आलं का पूर्ण?

सोनूबाई (पाटीवर) — आलं. परत लावा.