फवारणी पंपाचा चार्जर

रोहिणी : कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगच्या डिस्क दोन. जळालेला बोर्ड एक, चांगला बोर्ड एक. स्क्रू बारा पाहिजेत, इथे अकरा आहेत. बद्रीकाका, बारावा कुठं गेला?

बद्रीनाथ : असंल की दुकानात कुठंतरी. एका स्क्रूनं काय अडलंय?

रोहिणी : म्हणजे माझ्याकडं आणायच्या आधी तुम्ही खोललीत.

बद्रीनाथ : डिस्क न्हाई खोलली. खालचा बोर्डच बदलला. नांदूरघाटच्या मेव्हण्याच्या कॅमेऱ्याची डिस्क आणली. कंपनी तीच, नंबर तोच. तिचा बोर्ड काढला, हिला लावला.

रोहिणी : मग?

बद्रीनाथ : फिरली. टकटक केलं, मग गप झाली.

रोहिणी : किती वेळा चालू करून बघितलीत?

बद्रीनाथ : दोन-चार वेळा.

रोहिणी : नेमका आकडा सांगा. दर वेळी आतला वाचणारा काटा जागा शोधत आपटतोय.

बद्रीनाथ : नऊ.

वनमाला : ऐकलं का ताई? नऊ. ह्यांनी मुद्दाम केलंय. सोमेश्वर ह्यांचा चुलतभाऊ हाय.

बद्रीनाथ : ए बाई, मुद्दामच करायचं असतं तर डिस्क विहिरीत टाकली असती. मेव्हण्याच्या दारात हात पसरायला कशाला गेलतो मी?

रोहिणी : भांडण नंतर. मला या डिस्कवर नेमकं काय शोधायचंय ते सांगा. वहिनी, तुम्ही.

वनमाला : मागल्या गुरुवारी सांजच्याला आमच्या ह्यांची उसाची ट्रॉली ह्या शेठच्या दुकानासमोर पंक्चर झाली. हे जॅक लावून चाकाशी बसले. मागून सोमेश्वर मोटारसायकलवर आला अन् ट्रॉलीत घुसला. त्याचा पाय दोन जागी मोडला. आता पोलिसाला सांगतो, मागं उजेडच न्हवता.

बद्रीनाथ : मग होता का? उसाच्या ट्रॉलीला मागं दिवा मी तरी अजून पाहिला न्हाई.

वनमाला : ट्रॉलीला न्हवता. पण ह्यांनी डोक्याला लावायची बॅटरी लाल पिशवीत घालून उसाच्या मोळीला अडकवलती. ऊसतोडीवर सगळे तसंच करतात.

बद्रीनाथ : तुझा नवरा प्रविण म्हणतो अडकवली. बॅटरीचा तर चेंदा झाला. पुरावा काय?

वनमाला : पुरावा तुमच्या कॅमेऱ्यात होता. तुमीच जाळला.

रोहिणी : तारीख कधीची आहे?

वनमाला : उद्या अकराला ठाण्यात जबाब. तिथं दाखवायला काही न्हाई निघालं तर लायसन जातंय. मुकादमानं सांगूनच टाकलंय, केस झालेल्या ड्रायव्हरला पुढच्या हंगामाला ट्रॅक्टर देणार न्हाई.

रोहिणी : रात्री हे कॅमेरे काळंपांढरं दाखवतात. लाल कळणार नाही. पण उजेड असेल तर पांढरा ठिपका दिसेल. काका, आता तुम्ही. जळाली कशी?

बद्रीनाथ : शनिवारी कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग होतं त्या डब्याचा ॲडाप्टर गेला. हवालदार सोमवारी फुटेज बघायला येणार. म्हणलं चालू तर करून ठिवावं. दुकानात फवारणी पंपाचे चार्जर पडलेले हायत. पीन बरोब्बर बसली. बारा व्होल्टच लिहिलंय त्याच्यावर.

रोहिणी : आणलाय तो?

बद्रीनाथ : हा काय.

रोहिणी : बघा मीटर. उणे सतरा पूर्णांक सहा. व्होल्ट जास्त, वर अधिक-उणे उलटं. पीन बसली म्हणजे चार्जर तोच असं नसतं, काका.

बद्रीनाथ : वीस वर्षं झाली पंप विकतो मी. एक गिऱ्हाईक परत आलं न्हाई.

वनमाला : पंपात कुठं कुणाचा जबाब असतो, शेठ?

रोहिणी : बोर्ड जळालाय, पण ही आठ पायांची छोटी चिप शाबूत दिसते. याच डिस्कच्या मापांची नोंद हिच्यात असते. प्रत्येक डिस्कची वेगळी, कारखान्यातच भरलेली. तुम्ही मेव्हण्याचा बोर्ड लावलात, त्यावरच्या चिपमध्ये त्याच्या डिस्कची मापं.

वनमाला : म्हणजे शिंपी तोच, पण मापाची वही दुसऱ्याच बाईची.

रोहिणी : अगदी तसंच. ही चिप जुन्या बोर्डावरून काढायची, चांगल्या बोर्डावर बसवायची.

बद्रीनाथ : एवढंच? मग लाव की.

रोहिणी : तिळाएवढे आठ पाय आहेत. एक तुटला तर दुसरी चिप मिळत नाही. टेबलाला हात लावू नका. गरम हवेची गन तापतेय. अडीचशे... तीनशे... तीनशे चाळीस. आता दोन मिनिटं कुणी बोलू नका.

(लाईट गेली. अडीच तासांनी आली.)

वनमाला : पाच वाजले. माझी शेवटची यष्टी सहाला हाय.

बद्रीनाथ : मी सोडतो गाडीवर.

वनमाला : तुमच्या गाडीवर मी बसंन का?

बद्रीनाथ : नको बसू. चालत जा सिरसाळ्याला.

रोहिणी : चिप निघाली. आठही पाय आहेत.

वनमाला : लावा लौकर.

रोहिणी : लवकर लावून चालत नाही. मेव्हण्याची चिप आधी काढते. झालं. आता ही. चिपवरची खूण बोर्डावरच्या खुणेकडं. स्क्रू पाच लावते, सहावा काकांच्या दुकानात आहे. वीज देते.

बद्रीनाथ : आवाजच न्हाई.

रोहिणी : नाही.

बद्रीनाथ : दिवसभराची मेहनत अन् आवाजच न्हाई. आधी निदान टकटक तर करत होती.

रोहिणी : काका, बाहेर जाऊन चहा घ्या.

बद्रीनाथ : दोन झाले.

रोहिणी : मग तिसरा घ्या. वहिनी, ते भिंग धरा. तिसऱ्या आणि चौथ्या पायात काय दिसतं?

वनमाला : कथिलाचा थेंब. दोघांना चिकटलाय.

रोहिणी : तुमची नजर चांगली आहे. हलू नका. काढला. परत वीज देते.

वनमाला : फिरायली.

बद्रीनाथ : टकटक न्हाई ह्या वेळी.

रोहिणी : संगणकाला डिस्कचा नंबर दिसला. आता पूर्ण डिस्क कॉपी करत बसत नाही, रात्र जाईल. आधी फक्त गुरुवारचे सहा ते साडेसात.

वनमाला : किती वेळ लागंल?

रोहिणी : अकरा मिनिटं दाखवतंय.

बद्रीनाथ : वनमाला, एक सांगतो. ठिपका दिसला तर उद्या मी सोताहून ठाण्यात येतो. सोमाला घरी जाऊन सांगतो, केस मागं घे.

वनमाला : अन् न्हाई दिसला तर?

बद्रीनाथ : तरी येतो. पण मग बोलायला काय राहील माझ्याकडं?

वनमाला : ह्यांनी कधी खोटं सांगितलं न्हाई मला. दारू पिली तरी पिलो म्हणून सांगतात.

रोहिणी : उघडलं. डब्याचं घड्याळ मागंपुढं असू शकतं, पण दोन घटनांमधलं अंतर बरोबर मिळतं. सहा एकोणचाळीस, ट्रॉली थांबली. प्रविणभाऊ उतरले. चाक बघितलं. मागं गेले. सहा चव्वेचाळीस, नऊ सेकंद. हा बघा, ठिपका.

वनमाला : लावलता. बघा, शेठ. लावलता.

बद्रीनाथ : दिसतंय. लावलता.

वनमाला : मी सांगत होते.

बद्रीनाथ : सोमा खोटं बोलला म्हणायचं. पाय मोडून पण खोटं बोलला. लाज वाटती मला.

रोहिणी : थांबा. अजून मोटारसायकल आलेली नाही.

बद्रीनाथ : आता काय राहिलं?

रोहिणी : बघू द्या. सहा पंचावन्न. प्रविणभाऊ पुढच्या बाजूला चाकाशी बसलेत. तिथून मागचं दिसत नाही. सहा सत्तावन्न. सहा अठ्ठावन्न.

वनमाला : ठिपका का दिसंना?

रोहिणी : परत लावते.

वनमाला : ताई, का दिसंना?

रोहिणी : तीनदा बघितलं. ठिपका चौदा मिनिटं वीस सेकंद होता. तो विझल्यानंतर तीन मिनिटं एक्केचाळीस सेकंदांनी मोटारसायकल आली.