रोझेल्लाची पत्रं

(तंजावूर, १९६६. राजवाड्यामागच्या गल्लीतलं घर, नवरात्रातली सातवी दुपार. कोलूच्या, म्हणजे नवरात्रात पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्यांसमोर आते-मामेबहिणी बसल्या आहेत. आत स्वयंपाकघरात गंगाबाई, कनकलताची आई, वसुमतीची आत्या.)

वसुमती : ...आणि पुढं ऐक, कनकाक्का, पुढं तर कमालच! ‘दर शनिवारी मी टेलिव्हिजनच्या पेटीत गाते, तेव्हा मला घराघरांतली माणसं दिसतात. कुणी जेवत असतं, कुणी मुलाला थोपटत असतं. पण तू कुठं दिसत नाहीस, माझ्या लाडक्या कनका.’ अय्यो, किती गोड लिहिते ग ही रोझेल्ला!

कनकलता : पेटीतून तिला माणसं दिसतात?

वसुमती : दिसणारच! आपण तिला बघायचं आणि तिनं काय डोळे मिटून बसायचं? खिडकीसारखंच आहे ते. आमच्या क्लासात सगळ्यांना माहीत आहे.

कनकलता : बरं. वाच.

वसुमती : ‘आता आठ वर्षं झाली मला गायला लागून. समुद्रकाठच्या नाचघरात पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा पायातले बूटसुद्धा मैत्रिणीचे होते. मग बक्षीस, मग रेकॉर्डी, मग घसा बसला ते वाईट साल, मग लग्न, मग टेलिव्हिजन. एवढं सगळं पाहिलंय म्हणून सांगते. रेडिओनं तुला नको म्हटलं, तर रडत बसू नकोस. देव प्रत्येकीच्या गळ्यात गाणं ठेवत नाही. कुणाच्या बोटांत तो शिवणकाम ठेवतो.’

कनकलता : रेडिओनं मला नको म्हटलं?

वसुमती : म्हणजे... म्हटलं तर! ‘इफ’ आहे इथं. हा बघ. तुमच्या शाळेत इंग्लिश धड शिकवत नाहीत, त्याला मी काय करू?

कनकलता : इटलीहून पत्र यायला किती दिवस लागतात?

वसुमती : बारा. पाऊस असला तर पंधरा.

कनकलता : आणि रेडिओचं पत्र आज सकाळी आलं.

वसुमती : आलं? तुझंही आलं? मग कधीची गप्प काय बसलीयस, दगडाच्या देवीसारखी! माझंही आलंय, हे बघ, फोडलंसुद्धा नाही. म्हटलं, कनकाक्कासमोर फोडू. एकत्र गेलो होतो ना तिरुच्चीला रेडिओच्या परीक्षेला, मग एकत्रच फोडायचं. तुझं काय आलं? वाईट आहे का? सांग ना, मी कुणाला सांगणार नाही.

गंगाबाई : काय गे, रेडिओचं पत्र म्हणतां? आणि मला पत्ता नाही! थांबा, थांबा, हात नका लावू. ही घ्या हळद. चारी कोपऱ्यांना बोट लावा आधी.

वसुमती : आत्या, सरकारी पत्राला कुणी हळद लावतं का?

गंगाबाई : सरकार तुमच्या शाळेत. ह्या घरात हळदीवाचून पत्र फिरतं ते एकच, कुणी गेल्याचं. ते वाचायचं, फाडायचं, डोक्यावरून पाणी घ्यायचं. बाकी पोस्टमननं काहीही आणो, हळद लागल्याशिवाय मी देवासमोर ठेवू देत नाही. लाव.

वसुमती : लावते, लावते. चार कोपरे, चार बोटं. झालं?

गंगाबाई : झालं. आता सगळं शुभच येईल. दादानं काल पुन्हा सांगितलं मला, रेडिओनं वसूला घेतलं तर पापनाशमच्या स्थळाला नाही म्हणून कळवायचं आणि पोरीला गाण्याच्या कॉलेजात घालायचं. नाही घेतलं तर विजयादशमीला सुपारी फोडायची. पाच वाजता येणार आहेत गे ती माणसं, कोलू बघायचं निमित्त काढून. मी सुंडलाचे चणे बघते, शिजले नसतील अजून.

वसुमती : आत्या, त्यांना सुंडल वाढा पोटभर आणि परत पाठवा! त्या वेंकटेशचे कान बघितलेस, कनकाक्का? कोलूतल्या शेट्टी वाण्याच्या बाहुलीला लावले तर शोभतील. मी काही कुणाच्या पाटावर बसत नाही. मी रेडिओवर गाणार, मग मद्रास, मग पेटीत.

कनकलता : फोड मग.

वसुमती : आधी तुझं सांग.

कनकलता : तू काय गायलीस, ते तू सांग. तीन आठवडे झाले, तुझ्या पोटात आहे.

वसुमती : सांगू? सांगूनच टाकते, आता काय! रोझेल्लाचं गायले.

कनकलता : कुठलं?

वसुमती : ते समुद्राचं! आमच्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टरच्या रेकॉर्डवरचं. तू नव्हतं का तिला मागच्या पत्रात लिहायला सांगितलंस, ‘रेडिओवाल्यांना जुनी पदं ऐकून कंटाळा आलाय, नवं काही हवंय असं कानावर आलंय, मी तुझंच समुद्राचं गाणं गाणार’? मी ते इंग्लिशमध्ये उतरवलं आणि मनात म्हटलं, हिच्या जाड्या आवाजात ते गाणं म्हणजे म्हशीला घुंगरू. चिडू नकोस हं. म्हटलं, गायचंच तर कुणीतरी नीट गावं. माझा नंबर तुझ्या आधी होता.

कनकलता : मग? काय म्हणाले?

वसुमती : काय म्हणणार! पहिली ओळ झाली, दुसरी झाली, आणि काचेमागून ‘पोदुम’, पुरे, म्हणाले. एवढ्यात त्यांना कळलं! कसलेल्या माणसांना शिताची परीक्षा पुरते, भाताचं भांडं चिवडत बसत नाहीत.

कनकलता : मला चौदा मिनिटं गाऊ दिलं.

वसुमती : चौदा? बिचारी. खात्री पटत नसेल त्यांना.

कनकलता : वसू, पत्र फोड.

वसुमती : फोडते. बघ हं, बघ... ‘डिअर कुमारी वसुमती बाळकृष्णराव... वी रिग्रेट...’

कनकलता : पुढं वाच. तुझ्या शाळेत इंग्लिश चांगलं शिकवतात.

वसुमती : हे माझं नाही. पत्रं बदललीत. दोघींची एकाच दिवशी टाकली ना त्यांनी, बदलली असणार! तुझं दाखव.

कनकलता : हे घे. नाव वाच. मग खालची ओळ वाच.

वसुमती : ‘...सिलेक्टेड’. तू... तू काय गायलीस? तू समुद्राचं गाणार होतीस!

कनकलता : श्रीनिवासराव भागवतांनी हरिकथेसाठी शिकवलेलं मराठी पद. त्यांनी दुसरं मागितलं, दुसरं गायले. तिसरं मागितलं, तिसरं.

वसुमती : पण तू पत्रात लिहायला सांगितलंस!

कनकलता : लिहायला तुलाच सांगितलं ना. तूच वाचणार, म्हणून सांगितलं.

वसुमती : म्हणजे?

कनकलता : म्हणजे रोझेल्ला बाई कशी लिहिते ते मला माहीत आहे. तोंडात पेन्सिल धरून, उजव्या पायावर डावा पाय टाकून, सिस्टरला इटलीहून आलेल्या पाकिटावरचं तिकीट वाफेवर सोडवून.

वसुमती : काहीतरीच काय! पत्रं सिस्टरच्या पत्त्यावर येतात, मी फक्त आणून देते. तुला काय भ्रम झालाय?

कनकलता : दोन वर्षांपूर्वी तिनं लग्न केलं. सायकल शर्यतीवाल्याशी. आठवतं?

वसुमती : मग? बायका लग्न करत नाहीत?

कनकलता : करतात. पण ती बातमी आली त्या पत्राच्या चारी कोपऱ्यांना हळद होती. इटलीची बाई. केस कापलेली, नाचघरात गाणारी. तिनं लग्नाच्या पत्राला हळद लावून पाठवली. इतकी शुभाची बातमी कोरडी कशी द्यायची, हो ना? हात आपोआप वाटीकडं गेला असेल. मी ते पत्र त्या रात्री उशाशी घेऊन वास घेतला. आपल्याच पाट्यावरची हळद होती, अम्मा तिच्यात थोडा कापूर घालते.

वसुमती : तेव्हापासून? दोन वर्षं? आणि तू मला बसवून पत्रं लिहवत राहिलीस?

कनकलता : तूच म्हणालीस ना एकदा तिच्या तोंडून, कच्चं अंडं दुधात घालून प्यायलं की आवाज खुलतो? मला बाटवायला. मी काय लिहायला सांगितलं?

वसुमती : की तू प्यायलीस आणि वरचा षड्ज घंटेसारखा लागला.

कनकलता : आणि चार दिवसांनी तू शाळेच्या विहिरीमागं ओकत होतीस. कृष्णस्वामींच्या मुलीनं पाहिलं. घरी सांगितलंस, भाजके शेंगदाणे बाधले.

वसुमती : तू दुष्ट आहेस! केवढी दुष्ट आहेस! मी गंमत केली ग. बारा वर्षांची होते मी सुरू केलं तेव्हा. तू त्या रेकॉर्डच्या वेष्टणावरचा फोटो बघत बसायचीस, माझ्याशी खेळायचीसच नाहीस. मी एक पत्र लिहिलं. तू नाचलीस गल्लीभर. मग मी दुसरं लिहिलं. तुझ्यासाठीच नं!

कनकलता : आणि पाचवं?

वसुमती : पाचवं कुठलं? मी काय नंबर घालते?

कनकलता : त्या वर्षी बंगारू कामाक्षीच्या देवळात नवरात्रात मला गायला बोलावलं होतं. तुला नव्हतं बोलावलं. मी रोझेल्लाला कळवलं. तिनं लिहिलं, ‘तुझ्या आवाजाचं वर्णन वाचलं. असे जाड आवाज लोक तोंडावर चांगले म्हणतात आणि पाठीमागं हसतात. मी तुझ्या जागी असते तर तोंड उघडलं नसतं.’ मी पंधरा वर्षांची होते. वर्षभर गायले नाही मी, वसू. भागवत घरी येऊन परत गेले. अम्मानं नवस केले. कुणाला काय सांगू? इटलीतल्या एवढ्या मोठ्या गाणारणीनं सांगितलं होतं.

वसुमती : मला वाटलं, दोन दिवस रुसशील.

कनकलता : तिचा घसा बसला, तेव्हा मी दोन दिवस जेवले नव्हते. ते तू कशाला लिहिलंस?

वसुमती : तू गात नव्हतीस म्हणून... मला बरं वाटेना. म्हटलं, तिचाही बसू दे. तुला सोबत होईल.

कनकलता : हं.

वसुमती : कनकाक्का, ऐक ना. त्यांना पत्र लिहू. रेडिओला. आपण दोघी मिळून लिहू, माझं चुकून भलतंच गाणं झालं, मला ते मराठी पद येतं, मलाही भागवतांनी शिकवलंय, पुन्हा बोलवा. तू लिहिलंस तर ऐकतील, तुला घेतलंय. माझं वर्ष जाईल ग. वर्ष कुठलं, सगळंच जाईल. परवा सुपारी आहे.

कनकलता : परवा नाही. तीन दिवसांनी.

वसुमती : तुला माहीत होतं? आप्पांनी काय सांगितलंय ते, तेव्हा माहीत होतं?

कनकलता : तुझे आप्पा इथंच ह्या पाटावर बसून अम्माला म्हणाले. मी ताक दिलं त्यांना. दुसऱ्या दिवशी तुला बोलावलं आणि समुद्राच्या गाण्याचं पत्र लिहायला सांगितलं.

गंगाबाई : काय गे, फोडलं का पत्र? वसू रडते कां?

कनकलता : आनंदानं, अम्मा. माझं झालंय.

गंगाबाई : अगं माझ्या राजसे! बघ, हळद लावली नं! आणि वसूचं?

कनकलता : तिचं ती संध्याकाळी सांगेल. पापनाशमची मंडळी आली की कोलूपुढं गाणारही आहे. रेडिओत गायली तेच.

गंगाबाई : गा गे, गा! मुलाच्या आईला गाण्याची हौस आहे म्हणतात. मी पानं पुसायला घेते. डोळे धू आधी, तोंड सुजलेलं बरं नाही दिसत.

वसुमती : मी नाही गाणार.

कनकलता : कोलूपुढं गा म्हटलं तर नाही म्हणत नाहीत. पहिल्या दोन ओळी गा. पुरे झालं की ते सांगतील.

वसुमती : पापनाशमला गेले तर तिथून मी तुला पत्र लिहीन. रोझेल्लाचं नाही. माझं. उत्तर देशील ना? कनकाक्का? एवढं तरी सांग.

कनकलता : आधी तिचं संपव. आठ वर्षं गाते आहे बिचारी, दमली असेल.

वसुमती : संपवू म्हणजे? काय लिहू?

कनकलता : काही लिहू नकोस. कोरा कागद घाल पाकिटात. फक्त हळद लावू नकोस.