शेवटच्या राउंडचा टायलर

अमेरिकेत, अ‍ॅशबर्नमध्ये फार्मसीच्या रांगेत माझ्यापुढे दोन मराठी काका उभे होते.

"सुमंत, फुटबॉलचा ड्राफ्ट पाहिलास? कॉलेजच्या पोरांतून आपल्या टीमनं शेवटच्या राउंडमध्ये आमच्या शेजारच्या मिलरचा टायलर घेतला."

"अरे वा. पार्टी झाली असेल."

"झाली. मी गेलो नाही."

"का रे?"

"शेवटच्या राउंडचे टिकतात कुठे? सीझनच्या आधीच घरी पाठवतात."

"तुझा नील त्याच्याबरोबरच खेळायचा ना?"

"त्याच्याहून फास्ट पळायचा. मग म्हणाला, बाबा, मला लॅबच आवडते."

"आता हळहळत असेल."

"तो कुठला हळहळतोय. पार्टीत नाचून आला. माझ्यासाठी टायलरची जर्सी आणली."

"मग घाल की."

"पाठीवर मिलर लिहिलंय, सुमंत. तिथं आमचं कर्णिक असायला हवं होतं."