लोखंडाला तेल

...आणि वर मलाच विचारतात, "ब्रेक तुझेच ना गो?" म्हणजे बघा, शेड अण्णांची, धावपट्टी अण्णांच्या खारपाटावर, इंजिन बाबांचं, पंख बाबांचे, रंग नितेशचा, आणि विमान चिखलात गेलं की ब्रेक तेवढे मनस्वीचे!

थांबा, तुम्हाला नीट सांगते. नाहीतर तुम्हीही म्हणाल, पोरगी तोंडाळ आहे. आहेच.

माझे बाबा तीस वर्षं मुंबईच्या एका फ्लाइंग क्लबात मेकॅनिक. तिथंच विमान चालवायला शिकले. रिटायर झाले तसे गावाकडच्या आमच्या घरी पिशव्या टाकल्या आणि पेणच्या खारपाटावर, खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीवर, शेड ठोकून बसले. कशाला? तर स्वतःच्या हातानं विमान बांधायला! दोन सीटचं, लाकडाचं, कापडाचं, पोस्टानं मागवलेल्या परदेशी नकाशांवरून. लोक रिटायर झाले की आंब्याची कलमं लावतात हो... आता ती जमीन बाबांच्या थोरल्या भावाची, आमच्या गुणाजीअण्णांची. अण्णांचा सगळा जन्म मिठागरात गेला. जमीन त्यांची म्हणजे शब्दही त्यांचाच. बाबा साठीचे झाले, पण अण्णांनी खाकरलं की यांचं सुरू, "दादा म्हणतील तसं." आभाळात जायला निघालेला माणूस, आणि भावापुढे मान वर नाही!

ब्रेक माझ्याकडे आले, कारण माझे हात बारीक. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेय, पण ते कारण नाही. हात बारीक, हे कारण. दोन चाकं, प्रत्येक चाकात एक लोखंडी तबकडी, पॅडल दाबलं की लायनिंग, म्हणजे खरखरीत घासपट्टी, तिला दोन्हीकडून चिमटीत धरतं आणि चाक थांबतं. सोपं वाटतं ना? ब्रेक ऑइलच्या नळीत हवेचा एक बुडबुडा राहू द्या, दह्यात पाय घातल्यासारखं पॅडल आत जातं. मी दोन वर्षं बुडबुडे काढलेत. रबरी रिंगा फुगल्या, त्या बदलल्यात. दोन्ही ब्रेक पिशवीत घालून एसटीनं रोह्याला हिरामणच्या गॅरेजला नेलेत, तर शेजारची बाई विचारते, "बोंबील हाय काय गो?" एकटा हिरामण काय तो म्हणाला, "ताई, हात बसलाय तुमचा." बाकी घरात कौतुक कुणाचं, तर नितेशनं शेपटीवर मारलेल्या निळ्या पट्ट्याचं. नितेश म्हणजे अण्णांचा मुलगा. पट्टा वाकडा आहे, हे फक्त मला दिसतं.

आणि एवढं सगळं कशासाठी केलं मी? तर बाबांनी शब्द दिला होता. परवानगीच्या कागदात ब्रेक सांभाळणाऱ्याचं नाव लिहायचं असतं, तर ते नाव ज्याचं, तो पहिल्या उड्डाणाला बाबांच्या शेजारच्या सीटवर. म्हणजे मी. बस्स, तेवढी एक सीट हवी होती मला.

शहाण्णवच्या मार्चात मुंबईहून विमान खात्याचे साहेब तपासायला आले. उडायचं नव्हतंच, नुसतं जमिनीवर पळवायचं आणि चुन्याच्या रेघेवर थांबवायचं. बाबा आत बसले. विमान पळालं, रेघ आली, बाबांनी ब्रेक दाबला... आणि रेघ गेली. बांध आला, बांध गेला. मिठागराच्या वाफ्यात गुडघाभर चिखलात जाऊन विमान बसलं, म्हशीसारखं! बाबांनी इंजिन आधीच बंद केलं होतं म्हणून पंखा वाचला, बाबाही वाचले. साहेबांनी शांतपणे चष्मा पुसला आणि विचारलं, ब्रेकचं काम कुणी केलंय? तुम्हाला सांगते, आमच्या घराण्यात एकमत कधी होत नाही, पण त्या दिवशी तीन बोटं एकदम माझ्याकडे वळली. आणि अण्णा म्हणतात, "ब्रेक तुझेच ना गो?"

संध्याकाळी चाक उघडलं. तर वास कसला? खोबऱ्याचा! तबकडी अशी चमकत होती, जणू लग्नाला निघालीय. लायनिंग तेल पिऊन गच्च. मी अण्णांकडे बघितलं. अण्णांनी कोनाड्याकडे बघितलं. कोनाड्यात खोबरेलाची बाटली, गळ्यात चिंधी बांधलेली.

"अण्णा, तुम्ही ब्रेकला तेल लावलंत?"

"मग? रोज लावतो. खारा वारा हाय हितला. लोखंडाला तेल लागतंच."

कोयत्याला लावतात, कडीला लावतात, मिठागराच्या फावड्याला लावतात. आजोबा लावायचे, पणजोबा लावायचे. आता ज्या वस्तूचं सगळं काम घासण्यावर चालतं तिला तेल लावायचं नसतं, हे मी फिजिक्सनं समजावलं, मराठीनं समजावलं, शेवटी ओरडून समजावलं. तर म्हणतात, "तूच त्या नळीत ब्रेक ऑइल भरतेस का नाय? आतून चालतं, मग बाहेरून लावलं तर काय बिघडलं?" आणि बाबा! तीस वर्षं मेकॅनिक असलेला माणूस! बाबा म्हणाले, "जाऊ दे, दादांनी मायेनं लावलं." अहो, माया मलाही दिसली होती. रोज संध्याकाळी एवढा म्हातारा माणूस वाकून दोन चाकं पुसतो, मला काय डोळे नाहीत? मला वाटायचं, धूळ पुसतात. पण मायेनं विमान थांबत नाही हो. आणि साहेबांच्या वहीत नाव कुणाचं गेलं? बाटलीचं नाही गेलं.

मी नवीन लायनिंग मागवलं. हिरामणकडे बसून स्वतः रिवेट ठोकले. तबकड्या पेट्रोलनं तीनदा धुतल्या. पुन्हा बुडबुडे काढले. आणि शेडला कुलूप घातलं. दुसऱ्या दिवशी अण्णा मला म्हणतात, "कुलूप कुरकुरत होतं गो, तेल घातलंय. आता कसं झटकन उघडतं बघ." म्हणजे उघडून आत गेले होते! मी पळत गेले, तबकडीवरून बोट फिरवलं... कोरडी. बाटली कोनाड्यात, बूच घट्ट. म्हातारा नुसता बघून परत आला होता. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी माझा राग जरा उतरला. तिथंच चुकलं माझं.

मे महिन्यात साहेब पुन्हा आले. विमान पळालं, रेघ आली, बाबांनी ब्रेक दाबला, आणि विमान असं थांबलं... पुढची चाकं बरोब्बर चुन्यावर! साहेब म्हणाले, वा, ब्रेक कुणाचे? तर अण्णा छाती फुगवून म्हणतात, "आमच्या मनस्वीचे." कागदावर माझं नाव लागलं, शिक्का पडला. मी त्याच रात्री ओढणीला सेफ्टी पिन लावून ठेवली, वर वारा असतो ना...

उड्डाणाच्या सकाळी बघते, तर शेजारच्या सीटवर नितेश! पट्टा बांधून, गॉगल घालून! मी बाबांकडे बघितलं, बाबा बुटाची नाडी बांधायला लागले. आणि अण्णांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, खोबरेलाचा वास येणारा तोच हात, आणि एवढ्या प्रेमानं समजावलं म्हणून सांगू...

"वर आभाळात ब्रेकचं काय काम गो? ब्रेक लागतात जमिनीवर. मग ब्रेकवाली जमिनीवरच नको काय?"

बाबा म्हणाले, "दादा म्हणतील तसं."

गेलं विमान. छान गेलं. मी बांधावर उभी राहिले, हातात चिंधी घेऊन. काय करणार? वर कुणीही जावं... खाली आल्यावर थांबायचं असतं ना, तेव्हा ब्रेक माझेच.