गजावरची खूण

मंडळी, ऐका! टाळ जरा खाली ठेवा आणि मला एक सांगा. आपल्या हातून काही वाईट घडलं की आपण लगेच म्हणतो, 'देवाची करणी!' हात आपला आणि नाव देवाचं? हा कुठला न्याय हो?

कोकणातल्या एका गावात धाकू मांडवकर राहायचा. घरात ठासणीची बंदूक — पिढीजात मान! तिचा बार उडाल्याशिवाय ग्रामदेवीच्या पालखीला भोई खांदा देत नसत. आणि घरच्या माहेरवाशिणीनं नळीला कुंकू लावायचं, बार उडेपर्यंत धाकूच्या उजव्या अंगाला उभं राहायचं — ही रीत! त्यासाठी थोरली बहीण चंद्राबाय दरसाल सासरहून यायची. आई गेल्यावर धाकूला वाढवलं ते तिनंच.

बापानं मरताना धाकूला बांबूचं एक माप दिलं — बंदुकीत दारू घालायची ती तेवढीच! आणि दिला ठासायचा गज, त्यावर एक खूण कोरलेली. "बार ठासलास की खूण नळीच्या तोंडाशी यायला हवी. वर ऱ्हायली तर आत जास्त हाय. बंदूक खाली ठेव. कोण काय बोलंल ते बोलंल!"

कळायला सोपं! बैलालाही कळेल! पण बैलाला मानापमान नसतो हो, तो आपल्याला असतो!

त्या साली पालखी सजली. धाकूनं चाप ओढला — चट्! नुसती केपेची टिकली फुटली, बार नाही! दारू सर्दलेली. खालच्या वाडीतला कोणी ओरडला, "मांडवकरांचा फुसका बार!" सगळी जत्रा हसली. तुम्हीही हसलात आत्ता — मी पाहिलं!

धाकूची कानशिलं तापली. आतला बार उपसून काढायचा म्हणजे अर्धा तास, आणि तेवढा वेळ लोक हसणार! त्यानं काय करावं? आतलं तसंच ठेवून वरून आणखी एक माप ओतलं! चिंधी कोंबली, गज घातला, ठासलं. खूण चार बोटं वर!

"धाकू, खूण बग रं," चंद्राबाय म्हणाली.

"दिसतीय मला! लोक हसतायत बाय, तू गप ऱ्हा!"

दिसत होती, मंडळी! आंधळा नव्हता तो!

ती बाजूला झाली का? नाही. भाऊ एकटा पडेल म्हणून तिथंच उभी राहिली, कुंकवाची वाटी हातात घेऊन.

बार झाला. नळी फाटली — उजव्या अंगाला! धाकूची दोन बोटं गेली. आणि चंद्राबाय... काय सांगू? अंगावर कुंकू कुठलं आणि रक्त कुठलं, ते कोणाला कळेना.

पालखी त्या साली उठलीच नाही. लोक समजूत घालायला आले, "देवीची इच्छा, धाकू." तो म्हणाला, "देवीनं नाय वतलं. मी वतलं."

आज वीस वर्षं झाली. जत्रेला तो देवळाच्या पायरीवर बसतो, मांडीवर गज, अंगठा खुणेवर. पुजाऱ्यानं एकदा विचारलं, "धाकू, देवीकडं काही मागत का नाहीस?"

"काय मागू? तिनं बायच्या तोंडून सांगितलं व्हतं. मीच गप ऱ्हा म्हटलं."

मंडळी, उद्या आपली पालखी आहे. मंडपाच्या खांबाला टेकवलेल्या तीन बंदुका मला इथून दिसतायत. बंदूकवाल्यांनो, माप कोणी कोणी आणलंय? हात वर करा बघू!

एकच?

बंदुका तीन आणि हात एक! हसा की आता! का नाही हसत कोणी?